प्रस्तावित रंग

बेज हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा कोणी काढला हे मला पक्कं आठवतं, आणि त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. तो माणूस म्हणजे माझा मुलगा सार्थक. पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, लग्नाच्या आधी घराले रंग देऊन टाका. पण आता पोपटी नको. बेज द्या. वॉर्म बेज."

"म्हंजे कोणता?"

"म्हंजे बदामीसारखा. पण बदामी नाही."

फोन मी तिथेच ठेवायला हवा होता. जो रंग सांगताना 'सारखा' आणि 'पण नाही' हे दोन्ही लागतात, तो रंग सभ्य माणसाने घराला लावू नये, असं माझं आज स्पष्ट मत आहे. त्या दिवशी ते स्पष्ट नव्हतं. उलट मीच विचारलं की थंड बेजही असतो का, तर असतो म्हणाला, पण तो आपल्याकडच्या उन्हात चालत नाही. वाशीम जिल्ह्यात एप्रिल महिन्यात जे काही थंड असेल ते का चालत नाही, हे त्याने सांगितलं नाही.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा रंगावरून हा माणूस इतका का तापलाय. सांगतो. मी एकतीस वर्षं तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. माझं काम टिपणी लिहिण्याचं. प्रकरण समजून घ्यायचं, नियम शोधायचा, मागचे दाखले जोडायचे, 'मान्यतेस्तव सादर' असं लिहून फाइल वर ढकलायची. वर बसलेला साहेब ती न वाचता सही करतो. प्रकरण सुरळीत पार पडलं तर सही साहेबांची असते, आणि बोंब झाली तर टिपणी माझी असते. माझ्या सहीने जगातली एक वीटसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही.

घरीही तोच कारभार. प्लॉट पसंत केला माझ्या मेहुण्याने, इंझोरीच्या देवानंदने. नकाशा सासऱ्यांनी काढला. स्वयंपाकघर कुठे आणि देवघर कुठे हे उज्ज्वलाने ठरवलं, म्हणजे माझ्या बायकोने. मुलाची बायकोसुद्धा मुलानेच पसंत केली. वर्षाराणी तिचं नाव, आसेगावची, त्याच्याच कंपनीत नोकरीला. मुलगी चांगली आहे, माझी तक्रार मुलीबद्दल नाही. मला विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. पण निदान हो तरी म्हणायला मिळालं असतं.

म्हणून फोन ठेवल्यावर मी उज्ज्वलाला समोर बसवलं आणि सांगितलं, "हे पाय. घराचा रंग मी ठरवीन. कोणाचं आयकणार नाई. फक्त एक गोष्ट पक्की, थो पंजाबरावाच्या घरासारखा दिसाले नाई पायजे."

"ठरवा ना," उज्ज्वला म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली. तिच्या त्या 'ठरवा ना'मध्ये मला काहीतरी खटकलं होतं, पण मी दुर्लक्ष केलं.

पंजाबराव म्हणजे आमचे शेजारी. शेतकी खात्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून सगळ्या कॉलनीचं खातं त्यांनी आपल्याकडे घेतलं. माझ्या बोअरची जागा त्यांनीच दाखवली होती. अडीचशे फूट निव्वळ धूळ निघाली, तरी ते म्हणाले होते की धूळ चांगल्या प्रतीची आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या घराला एक भुरकट पिवळसर रंग मारला, त्याला 'शरबती गव्हाचा रंग' असं नाव दिलं, आणि त्या दिवसापासून लोक आमचा पत्ता 'पंजाबरावांच्या घराशेजारी' असा सांगू लागले. माझं घर त्यांच्या चार वर्षं आधीचं आहे. त्याची नोंद कोणी घेत नाही.

रंगारी युसूफभाई आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या दुकानातून शेडकार्ड घेऊन आला. मी उघडलं आणि माझं डोकं फिरलं. एकट्या बेजची सत्तेचाळीस घरं. सगळी सारखी. नावं मात्र प्रत्येकाला वेगळी आणि प्रत्येक नाव इंग्रजी. 'मॉर्निंग सँड', 'ओल्ड लिनन', 'व्हिस्परिंग आल्मंड'. म्हणजे कुजबुजणारा बदाम. बदाम काय कुजबुजत असेल, आणि कुजबुजला तरी तो भिंतीला का लावायचा, हा प्रश्न मी युसूफला विचारला.

"साहेब, नाव छोडो," युसूफ म्हणाला. "कार्डावरचा रंग भिंतीवर तसाच येत नाई. ऊन बदलते, नजर बदलते. हात-हात जागा द्या, नमुने मारून देतो. मंग पसंत करा आरामसे."

हे मला पटलं. त्याने ब्रश भिजवला, दर्शनी भिंतीसमोर उभा राहिला, आणि ब्रश परत डब्यात ठेवला.

दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात 'कचरा कुंडीतच टाका, गाव सुंदर ठेवा' असं लिहिलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी कुठल्याशा मोहिमेत ग्रामपंचायतीची माणसं लिहून गेली होती. आमच्या गावात कुंडी नाही, तो भाग वेगळा.

"हे सरकारी अक्षर हाये साहेब," युसूफ म्हणाला. "म्या नाई हात लावत. मागच्या साली एका जागी पुसलं तं माह्यावरच आलं. परवानगीचा कागद आना, दोन मिनटात साफ करून देतो."

माझी भिंत, माझी वीट, माझा चुना, आणि परवानगी दुसऱ्याची. मी तडक ग्रामपंचायतीत गेलो. तिथे पवन नावाचा नवा पोरगा लिपिक आहे. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, काका म्हणाला आणि एक छापील अर्ज पुढे केला. मी भरायला घेतला. नाव, पत्ता, भिंतीची लांबी-रुंदी, आणि मग रकाना क्रमांक नऊ: 'प्रस्तावित रंग'. मी लिहिलं, 'ठरावयाचा आहे'.

"काका, असं चालत नाई," पवन म्हणाला. "रंगाचं नाव लिवा लागते. नाई तं त्रुटी निंगते."

"अरे, रंग ठरवाले नमुने मारा लागते. नमुने भिंतीवर मारा लागते. भिंतीवर हात लावाले परवानगी पायजे. आन परवानगीले तू रंग मांगून राह्यला. मी रंग आनू कुठून?"

"थे बरोबर हाये काका. पण रकाना हाये ना."

एक गोष्ट मला इथे कबूल करावी लागेल. मला राग आला की माझी भाषा बदलते. घरी-दारी मी आपल्या वऱ्हाडी बोलीतच बोलतो, पण पारा चढला की तोंडातून एकदम कार्यालयीन मराठी येऊ लागते, आणि ती थांबवता येत नाही. मी उभा राहून म्हणालो, "सदर रकाना निरर्थक असून तो ज्या कोणी तयार केला त्याच्या बुद्धीची चौकशी होणे आवश्यक आहे."

पवन बिचारा घाबरला. त्याने हळूच अर्ज उलटा करून दाखवला. "काका, नमुना तं तुमच्याच हापिसातून आला. अकरा सालाआधी." खाली अगदी बारीक अक्षरात मसुदा करणाऱ्याची आद्याक्षरं होती. माझी होती. त्या वेळच्या साहेबांनी न वाचता सही केली होती, आणि तो रकाना तेव्हापासून गावोगावच्या भिंती अडवत बसला होता. एकतीस वर्षांत माझ्या हातून अमलात आलेली एकमेव गोष्ट ही निघाली. मी पाणी न पिता बाहेर आलो.

चौथ्या दिवशी उज्ज्वलाला हे सगळं सांगितलं. अर्थात शेवटचा भाग वगळून. तिने फोन उचलला, सरपंच मोतीबाईंना लावला, दोघी एकाच बचत गटात आहेत, आधी पापडांवर बोलल्या, मग कोणाच्या तरी गुडघ्यावर, आणि शेवटी जाता जाता भिंतीवर. फोन ठेवून म्हणाली, "पुसा म्हने. थे कुंडी तं आपल्या गावात आलीच नाई."

मी तीन दिवस त्या प्रकरणावर चार पानी अपील लिहीत होतो. ते फाडलं.

आता नमुने. पहिला अर्थातच माझा. तीन संध्याकाळी कार्ड डोळ्यांपुढे धरून मी कुजबुजणारा बदाम पसंत केला होता. नावाकडे दुर्लक्ष केलं तर तो रंग खरोखर चांगला होता, म्हणजे ताकावरच्या लोण्याचा असतो तसा. युसूफने खिडकीच्या उजव्या हाताला हातभर चौकोन मारला आणि कोपऱ्यात खडूने आकडा टाकला. त्याच वेळी उज्ज्वला बाहेर आली आणि म्हणाली, "इकडं एक माह्यावाला बी मारून ठेवा, भाऊ. नुसता पाहाले." तिचा मोतिया झाला. सार्थकने पुण्याहून फोटो पाठवला, त्याचा झाला. देवानंद सोयाबीनचं बियाणं न्यायला आला होता, तो गाडीवरून न उतरता म्हणाला, "दाजी, भाकरीसारखा असते ना थो लावा, पण करपलेल्या भाकरीचा नाई," आणि युसूफने तोही कार्डात शोधून मारला. मोतीबाई सरपंच येऊन गेल्या. परवानगी त्यांनी दिली असल्यामुळे एका चौकोनावर त्यांचा हक्क झाला. युसूफनेही आपल्या मनाचा एक मारला. "साहेब, बत्तीस साल रंग मारून राह्यलो, एक माह्यावाला बी राहू द्या," म्हणाला. मला नाही म्हणता आलं नाही.

सहा झाले. सातवा चौकोन कसा आला ते सांगताना आजही माझा आवाज चढतो.

मी कार्यालयात होतो. पंजाबराव आपल्या कोठीतून दोन वर्षांपूर्वीचा उरलेला रंगाचा डबा घेऊन आले, काडीने ढवळला, आणि युसूफला म्हणाले, "हा बी एक हात मार. कम्पेर कराले बरं असते." आणि तो कुठे मारायला लावला? खिडकीजवळ. माझ्या चौकोनाला चिकटून. संध्याकाळी मी आलो तर ते कंपाउंडच्या भिंतीवर हात टेकून वाट पाहत होते.

"बाबूसाहेब, पाहा बरं. जमीन-आसमानचा फरक हाये. तुमचावाला पाहा कसा आजारी दिसून राह्यला, आन आपला शरबती गहू."

"सदर सूचना अभिलेखात घेण्यात आली आहे," मी म्हणालो.

"म्हंजे पसंत हाये ना?"

मी आत गेलो आणि दार लावलं. खरं सांगायचं तर माझा चौकोन आणि त्यांचा चौकोन यांत मला फरक दिसत नव्हता, आणि राग त्याचाच जास्त होता.

पुढचे आठ दिवस आमच्या भिंतीसमोर बाजार भरला. दळण आणायला निघालेल्या बाया थांबत, शाळेतून येणारे मास्तर थांबत, दूधवाला गाडी बंद न करता थांबे. कोणी म्हणे तुरीच्या डाळीचा बरा, कोणी म्हणे हळदीच्या दुधाचा बरा, एकाने तर पोपटीच बरा होता असं सांगितलं आणि निघून गेला. पंचवीस-तीस माणसं येऊन गेली असतील. प्रत्येकाने स्वतःचा सांगितला. मी तिथेच उभा असे, घराचा मालक म्हणून, पण तुमचा कोणता असं एकानेही विचारलं नाही.

मी मात्र रीतसर काम चालू ठेवलं. एक फाइल उघडली. सकाळच्या उन्हात, दुपारच्या उन्हात आणि उन्हं कलल्यावर प्रत्येक नमुना कसा दिसतो याचा तक्ता केला. युसूफ दोनदा विचारून गेला आणि मग वैतागून मालेगावला दुसऱ्या कामावर गेला. "साहेब, रंगाले इतका टाइम तं निकाह ठरवालेबी नाई लागत," असं म्हणून गेला. घाईत काम करणाऱ्यांच्या टिपण्या मी पाहिलेल्या आहेत.

या सगळ्यात हरिसिंगची तारीख जवळ येत होती. आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं लिहितात. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मधे 'शुभविवाह', त्याखाली वीतभर अक्षरांत नावं आणि तारीख. पत्रिका नसली तरी एक वेळ चालेल, पण भिंतीवर नावं नसतील तर त्या घरात लग्न आहे हे कोणी धरत नाही. हरिसिंग पेंटर तालुकाभर हेच लिहितो. लग्नसराईत त्याची एकच तारीख मिळते, आणि आम्हाला मंगळवार मिळाला होता. म्हणजे रविवारपर्यंत भिंत रंगून वाळायला हवी होती.

माझा निर्णय सोमवारी संध्याकाळी झाला. आठ पानांच्या टिपणीच्या शेवटी मी लिहिलं, 'नमुना क्र. १, खिडकीजवळील, मान्य,' आणि खाली सही केली. पूर्ण सही, आद्याक्षरं नव्हे. सही केल्यावर मी ती बराच वेळ पाहत बसलो.

मंगळवारी कार्यालयातून मी हरिसिंगला सहा वेळा फोन केला. भिंत अजून व्हायची आहे, तू शुक्रवारी ये, एवढंच सांगायचं होतं. त्याने उचलला नाही. शिडीवर चढलेला माणूस फोन उचलत नाही, हे मलाही कळतं. शिडी माझ्याच घराला लावलेली आहे, हे कळायला मात्र काही मार्ग नव्हता. उज्ज्वला बांगड्या भरायला वाशीमला गेली होती. घरी कोणी नाही म्हटल्यावर पंजाबरावांनी कारभार हाती घेतला. त्यांनीच शिडी दिली, त्यांनीच माठातलं पाणी दिलं, आणि त्यांनीच सांगितलं, "लिही ना बावा. मुहूर्ताचं काम हाये, थांबतं कायले."

संध्याकाळी मी गल्लीत वळलो तेव्हा गणपतीच्या सोंडेला शेवटचा हात चालला होता. हरिसिंगने ओल्या फडक्याने भिंत पुसून खडूचे सगळे आकडे घालवले होते आणि सातही चौकोनांवरून आरपार लिहून काढलं होतं. 'चि. सार्थक' एका बेजवर सुरू होऊन दुसऱ्या बेजवर संपत होता. 'चि. सौ. कां. वर्षाराणी' तीन बेज ओलांडत होती. तारखेला एकही बेज मिळाला नव्हता, ती जुन्या पोपटीवर होती.

"हे काय केलं?" मी विचारलं.

"कसं वाटते साहेब?" हरिसिंग शिडीवरून खूश होऊन म्हणाला. "चौकटीची डिझाइन लय भारी काढली तुमी. आजकाल शहरात असंच चालून राह्यलं म्हंते."

"सदर लिखाण तात्काळ पुसून भिंत पूर्ववत करण्यात यावी," मी म्हणालो. माझ्या आवाजाने समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली.

हरिसिंग खाली उतरला, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि शांतपणे म्हणाला, "नवरा-नवरीचं नाव पुसत नसते साहेब. घरात दुसरं शुभकार्य होईपर्यंत त्याच्यावर कोणी कुची फिरवत नाई. पाण्यापावसानं गेलं तं गेलं. म्या आजवर एकाचंबी नाव पुसलं नाई, आन तुमच्या पोराचं पुसू?"

मी युसूफला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तौबा, साहेब. मले नका सांगू. लगन व्हायच्या आधी नाव मिटवाचं काम म्या नाई करत. बाकीचं घर सांगा, उद्या येतो."

बाकीच्या घराला कोणता रंग द्यायचा, हे विचारायच्या अवस्थेत मी नव्हतो. उज्ज्वला वाशीमहून आली, नव्या बांगड्या भरलेल्या हातांनी भिंतीसमोर उभी राहिली, खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या आता. नावं चांगली लिवली." म्हणजे फाइल संपली. माझी आठ पानं, माझी सही, सगळं त्या सोंडेखाली गेलं. त्या रात्री मी जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही, कारण घरात पाहुण्यांच्या याद्या चालू होत्या.

लग्न आसेगावला चांगलं झालं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्याआधी आणि नंतर जो पाहुणा आमच्या दारात उतरला त्याने भिंतीची तारीफ केली. "डिझाइन कोनाची?" असं विचारलं की एक आत्या म्हणे देवानंदची, दुसरी म्हणे पंजाबरावांची. दोघांनीही नाही म्हटलं नाही. आमची तीन बाजूंनी पोपटी आणि एका बाजूने ठिगळं लावलेली इमारत लोक मोबाइलमध्ये काढून नेत होते. मी पाहुण्यांना हार घालत होतो आणि मनातल्या मनात एकेकाला कारणे दाखवा नोटीस बजावत होतो.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पेपर वाचत होतो. वर्षाराणी चहाचा कप घेऊन भिंतीसमोर उभी होती. आपलं नाव वाचत असेल, असं मला वाटलं. मग ती वळली.

"बाबा, सार्थकनं सांगतलं की इथं सगळ्यायनं आपआपला रंग मारून ठेवला. याच्यातला तुमचा कोणता?"

पेपर माझ्या हातात तसाच राहिला. खरं सांगतो, मला तिचा राग आला नाही. पण बाकी सगळ्यांचा एकदम नव्याने आला. महिनाभर सगळं गाव इथे उभं राहून गेलं, आणि हा प्रश्न विचारायला आसेगावहून पोरगी यावी लागली. मी उठलो, कपडे ठीक केले आणि भिंतीजवळ गेलो.

खिडकीच्या उजव्या हाताला दोन चौकोन होते, एक वर आणि एक त्याला चिकटून खाली. एक माझा, एक पंजाबरावांचा. आकडे पुसलेले. वरच्यावर 'र्षा' आलं होतं, खालच्यावर केळीचं पान. मी टिपणी आठवून पाहिली. तिच्यात क्रमांक आणि 'खिडकीजवळील' एवढंच होतं. वरचा की खालचा, हे लिहायला मी विसरलो होतो. एकतीस वर्षांचा अनुभव, आठ पानं, सकाळ-दुपार-संध्याकाळचा तक्ता, आणि नेमकं ते नव्हतं. मी जवळ जाऊन पाहिलं, चार पावलं मागे सरून पाहिलं. दोन्ही लोणी, दोन्ही गहू.

वर्षाराणी वाट पाहत होती. आत फाइल बघून येतो असं म्हणता आलं असतं, पण फाइलमध्ये काय आहे ते मला माहीत होतं. शिवाय पोरीने पहिल्यांदा काही विचारलं होतं आणि मला ते 'अभिप्रायार्थ सादर' करायचं नव्हतं. मी बोट ठेवलं. खालच्यावर.

"हा," मी म्हणालो. "हा माह्यावाला."

उज्ज्वला दारात उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं तिला जांभई आली.

"छान हाये," वर्षाराणी म्हणाली. "मंग बाबा, ही भिंत अशीच राहू द्या, आन बाकीचं घर तुमच्याच रंगाचं करून घ्या. मी सांगू का त्या भाऊले?"

युसूफ दुसऱ्याच दिवशी आला. खालच्या चौकोनाचा पापुद्रा खरवडून मालेगावच्या दुकानातल्या मशीनवर हुबेहूब रंग काढून आणला. त्याने मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. सहीचा निर्णय होता, चर्चेची गरज नव्हती. कार्यालयात ते दोन दिवस मी इतका हलका होतो की साहेबांनी एक फाइल न वाचता परत केली, तरी मी कार्यालयीन मराठीत काही बोललो नाही.

रंगकामाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत वळलो आणि थबकलो. दोन घरांच्या जागी एकच मोठं घर उभं होतं. आमची नावांची भिंत सोडली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक रंग, कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो ते कळू नये असा. मधे फक्त कंपाउंडची भिंत होती आणि तिच्यावर हात टेकून पंजाबराव उभे होते. त्यांच्या अंगाला ताज्या रंगाचा वास येत होता.

"म्या म्हतलं, बाबूसाहेबानं आपलाच शरबती गहू घेतला, तं जोडीनंच होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. "आपलावाला उन्हानं फिका पडला व्हता. युसूफले म्हतलं, त्याच्यातलाच एक हात आमच्याबी घराले मार. आता पाहा. मी पहिल्या दिवशीच सांगतलं व्हतं का नाई?"

मी बोलायला तोंड उघडलं. सदर, तात्काळ, गंभीर दखल, सगळे शब्द घशापर्यंत आले. पण वर्षाराणी गेटात येऊन उभी होती आणि दोन्ही घरांकडे पाहून हसत होती. मी तोंड मिटलं आणि आत गेलो.

उज्ज्वला कणीक मळत होती. मी दार लोटून विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

"वरचा तुमचा, खालचा त्यायचा. पहिल्या दिवसापासून माहीत व्हतं."

"मंग त्या दिवशी बोलली काहून नाई?"

ती कणकेचा गोळा थापत राहिली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमी कशावर बोट ठेवलं. थे बी पोरीसमोर. मी कायले मधात बोलू?"

मला तिच्यावर रागवायचं होतं. एकतीस वर्षांचा साठा होता, आणि तो काढायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. पण कार्यालयीन मराठीही आठवेना आणि आपली बोलीही तोंडात येईना. तिने हात न धुताच पाटाकडे बोट दाखवलं, बसा म्हणून.

आता लोक पंजाबरावांच्या दारात येतात आणि बाबूसाहेबांचं घर हेच का विचारतात. माझ्या दारात येऊन त्यांना हाक मारतात. त्यांचं एक कुरिअर मी गेल्या आठवड्यात सही करून घेतलं, ते मी अजून दिलेलं नाही.

ती फाइल मी काल बंद केली. बंद करायच्या आधी शेवटचं पान पुन्हा उघडून पाहिलं. 'मान्य' असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी पूर्ण सही होती. आयुष्यभर टिपणी मी लिहिली आणि सही दुसऱ्याने केली. या वेळी सही माझी आहे. टिपणी पंजाबरावांची आहे.